बूथपासून शॉपफ्लोअरपर्यंत : दुभाषेपणाचा एक पक्षपाती आढावा

संपादकांनी ‘दुभाष्याची भावनिक व सांस्कृतिक कौशल्ये’ असा भारदस्त विषय दिला आहे. आमच्या धंद्यात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, दुभाष्याने शब्द इकडून तिकडे न्यावेत, भावनांशी त्याला देणंघेणं नाही. दुसरा तट सांभाळून घेणाऱ्यांचा. बोलणं टोचेल असं वाटलं की हे परस्पर त्याची धार बोथट करतात. मी दोघांशीही आयुष्यभर भांडत आलो आहे. हा आढावा त्याच भांडणातला समजावा.

रायगडावर १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला, तेव्हा कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी होता. ऑक्झेंडनच्या नजराण्याचं वर्णन सगळे करतात. पण राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई कोणत्या सुरात मागायची, कुणाला आधी भेटायचं, ही जाण ज्याला असणार तो शेणवी एका ओळीत आटोपतो. गोव्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीजांच्या अशा वकील-दुभाष्यांवर १९५२ मध्ये ग्रंथ लिहिला, तेवढाच काय तो न्याय.

नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला (१९४५-४६) सर्वांना ठाऊक आहे. चार भाषा, आयबीएमची यंत्रं, वक्ता सुसाट सुटला की पिवळा दिवा, थांबवायचा असेल तर लाल. यंत्रांचं कौतुक पुष्कळ झालं. मला हेडफोन लावून बसलेली माणसं महत्त्वाची वाटतात. त्यांतले काही नाझींमुळेच देश सोडून गेलेले. वुल्फ फ्रँक हा मूळचा जर्मन, १९३७ मध्ये इंग्लंडला निघून गेला होता. आरोपींना फाशीच्या शिक्षा जर्मनमधून ऐकू आल्या त्या त्याच्या आवाजात. गोअरिंगच्या वेळी तर हेडफोनच बंद पडला, तो दुरुस्त करून शिक्षा पुन्हा सुनावावी लागली. आवाजात सूड उतरू द्यायचा नाही आणि आवाज निर्जीवही होऊ द्यायचा नाही, हे कोणत्या परीक्षेत तपासतात?

पुढची परिषदांची दशकं मी झटक्यात ओलांडतो. १९५३ मध्ये पॅरिसला परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, बूथमध्ये दोघांनी आळीपाळीने बोलण्याची शिस्त रुजली, दर ठरले. सगळं आवश्यक, पण लिहायला कंटाळवाणं.

१९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे साक्षी सुरू झाल्या आणि पहिल्या तटाची पंचाईत झाली. दुभाषी प्रथमपुरुषात बोलतो. म्हणजे मुलगा गमावलेली आई बोलते तेव्हाही ‘मी’, आणि त्याला मारणारा पोलीस बोलतो तेव्हाही ‘मी’. अनेक दुभाष्यांना याचा मानसिक त्रास झाला. त्यांच्यावर पुढे ‘ट्रुथ इन ट्रान्सलेशन’ हे नाटकही आलं. मग काही शहाणे म्हणू लागले, ‘ती म्हणते की’ असं बोलावं, त्रास कमी होईल. दुभाष्याचा होईल हो, साक्षीचं काय? सुट्टी द्या, साक्षीनंतर बोलायला कुणीतरी द्या, पण ‘मी’ काढून घेऊ नका. भावना नको म्हणणाऱ्यांनी एखाद्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडेही पाहावं. तिथे भुवया आणि ओठ हा व्याकरणाचाच भाग असतो. कोरा चेहरा ठेवला तर प्रश्नाचं विधान होईल.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा खासगी वर्गांत जपानी शिकून आम्ही काही जण चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या शेडमध्ये उतरलो. इथे बूथ नाही, हेडफोन नाही. हातात वही, कानात प्रेसचा आवाज आणि दोन्ही बाजूंना चिडलेली माणसं. परिषदवाले आम्हाला अजून दुय्यम मानतात. मानोत बापडे.

माझ्या अनुभवातला जपानी तज्ज्ञ चिडला की त्याचा आवाज खाली येतो, वाक्यं लांबतात आणि जास्त आदरार्थी होतात. आपला सुपरवायझर चिडला की शेडच्या टोकाला कळतं, आणि चहापर्यंत तो विसरलेलाही असतो. पहिल्याचं बोलणं मऊ मराठीत दिलं तर दुसऱ्याला वाटतं, साहेब आज खुशीत आहेत. शांततेचंही तसंच. दर ऐकून जपानी बाजू गप्प बसते, विचार करते. आपल्या मालकाला ते सोसत नाही. तो स्वतःच दोन टक्के खाली येतो. कच्चा दुभाषी त्या वेळी घसा खाकरतो किंवा काहीतरी बोलून ती पोकळी भरतो. शांतताही पोहोचवायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सदोष माल परत आला की होणाऱ्या रिजेक्शनच्या बैठकीत खरी कसोटी लागते. जपानी बाजूला आधी दिलगिरी हवी असते. दोष कुणाचा हे मागाहून, आधी बिघडलेलं नातं जागेवर यावं. सुपरवायझरला मात्र पक्कं माहीत असतं की ‘चुकलं’ म्हटलं की ते कागदावर येतं आणि इन्क्रिमेंट जातं. म्हणून तो कारणं सांगतो, आणि खरी सांगतो. मटेरियल उशिरा आलं, हेल्पर नवा होता. पलीकडे त्या सबबी वाटतात. इथे आमचे सांभाळून घेणारे मित्र त्याच्या तोंडी परस्पर माफी घालतात. बैठक गोड होते. काही दिवसांनी तोच दोष येतो, तज्ज्ञ म्हणतो, तुम्ही कबूल केलं होतं, आणि आपण काय कबूल केलं याचा सुपरवायझरला पत्ताच नसतो.

माझा हेका असा की जे कळलंय ते उघड सांगावं. बैठक थांबवायची, ‘आता दुभाषी बोलतोय’ असं दोन्ही भाषांत म्हणायचं आणि सांगायचं की इकडे कारण देणं म्हणजे जबाबदारी झटकणं नव्हे आणि तिकडे माफी मागणं म्हणजे गुन्ह्याचा कबुलीजबाब नव्हे. मग बाजूला व्हायचं. एका कारखान्यात हे ऐकून एका जुन्या फोरमनने विचारलं, “म्हणजे सर, माफी मागितली तर पगार कापणार नाहीत ना?” मी प्रश्न तसाच जपानीत सांगितला, त्याच्या धास्तीसकट. तज्ज्ञ चकित झाला आणि एचआरच्या साहेबांकडे वळून त्याने तोच प्रश्न त्यांना विचारला. बैठक लांबली. फोरमनने मात्र प्रथमच स्वतःहून बिघडलेला पार्ट टेबलावर ठेवला.

दवाखान्यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे बहुधा नातेवाईकच दुभाषी असतो आणि कर्करोगाचं निदान वाटेतच दडपतो, प्रेमापोटी. अमेरिकेत २००० सालच्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना भाषासाहाय्याबाबत स्पष्ट दिशा दिली होती. मुलाकडे गेलेल्या मराठी आजींनाही त्या व्यवस्थेचा आधार होता. मार्च २०२५ मध्ये तो आदेश रद्द झाला. त्यामागचा १९६४ चा नागरी हक्क कायदा अजून आहे, पण आदेशाचा रेटा गेला.

आणि आपल्याकडच्या कारखान्यांत? जपानी भाषेच्या परीक्षेचं एन-टू प्रमाणपत्र हातात पडलं की पोरगं थेट शेडमध्ये. भाषा उत्तम असते, माझ्यापेक्षाही चांगली. पण चिडलेल्या दोघांच्या मध्ये उभं कसं राहायचं याचा एक तासही कुणी शिकवलेला नसतो. आता कानातली भाषांतरयंत्रं आली आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, ती निदान आपण माणूस असल्याचा आव आणत नाहीत. राग एजन्सीवाल्यांवर आहे. ते तासाचा दर विचारतात, तेव्हा बैठकीआधी दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलायला लागणाऱ्या अर्ध्या तासाचे पैसे मी आधी मागतो. बहुतेक फोन तिथेच संपतात.