काविळीचे विषाणू : रचना आणि गुणधर्म

कावीळ हे यकृताच्या विकाराचे एक लक्षण आहे. यकृताला सूज आली म्हणजे पित्तातील पिवळे रंगद्रव्य रक्तात साठते आणि डोळे, त्वचा व लघवी पिवळी दिसू लागते. या सुजेस यकृतशोथ म्हणतात. तो उत्पन्न करणाऱ्या प्रमुख विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे दिलेली आहेत. नावांवरून ते एका कुळातील असावेत असे वाटते. वस्तुतः त्यांच्या रचनेत मोठा फरक आहे. कोणता विषाणू पाण्यातून पसरेल व कोणता रक्तातून, हे बव्हंशी या रचनेवरच अवलंबून असते.

१९५५ साली दिल्लीत घडलेली घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वर्षी पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला आणि नोव्हेंबर महिन्यात नजफगड नाल्याचे सांडपाणी वजीराबाद येथील पाणी-उपशाच्या ठिकाणी शिरले. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. त्यामुळे विषमज्वर व आमांश यांची साथ उद्भवली नाही. परंतु काही आठवड्यांतच सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जंतू मरावेत आणि विषाणू मात्र टिकावेत, असे का झाले?

ए आणि ई हे विषाणू अत्यंत सूक्ष्म आहेत. एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या विषाणूंचा व्यास सुमारे २७ ते ३४ नॅनोमीटर भरतो. प्रत्येकात आर.एन.ए. या केंद्रकाम्लाचा एकच धागा असून त्याभोवती प्रथिनांचे घट्ट कवच असते. विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या कणांवर मेदाचे वेष्टन नसते. हे कण रुग्णाच्या रक्तात असताना पेशींकडून मिळालेले पातळ पटल पांघरून असतात. पित्तात ते पटल विरघळून जाते. म्हणून जठरातील आम्ल त्यांना नष्ट करू शकत नाही. ए विषाणू ६० अंश सेल्सिअस तापमानात तासभर तग धरतो, उकळत्या पाण्यात मात्र नाश पावतो. गढूळ पाण्यात क्लोरिनचा बराचसा भाग सेंद्रिय मळाशी संयोग पावण्यातच खर्ची पडतो आणि मळाच्या कणांत दडलेले विषाणू सुरक्षित राहतात.

दिल्लीच्या साथीतील जतन केलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचाही सहभाग होता. ही साथ ए किंवा बी विषाणूची नव्हती, असे १९८० साली प्रसिद्ध झाले. १९८३ साली बालायान या सोव्हिएत संशोधकाने रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला. त्याला कावीळ झाली आणि त्याच्याच विष्ठेत विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखाली नव्या विषाणूचे कण दिसले. तोच ई विषाणू होय. १९८१ साली कोल्हापुरात आलेली काविळीची साथही दूषित पाण्यातूनच पसरली होती. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत हा रोग विशेष घातक ठरतो. अशा स्त्रियांपैकी शेकडा २० ते २५ पर्यंत दगावू शकतात.

बी, सी व डी यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावर मेदयुक्त वेष्टन असते. साबण, ईथर यांसारख्या द्रव्यांनी असे वेष्टन भंग पावते, आणि पित्तातही त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून हे विषाणू अन्नपाण्यातून पसरत नाहीत. रक्त व शरीरातील इतर द्रव यांवाटे पसरतात. बी विषाणूचा व्यास ४२ नॅनोमीटर असून त्यात डी.एन.ए. असते. त्याचे घटक सुमारे ३,२०० एवढेच आहेत. वाळलेल्या पृष्ठभागावरही तो निदान सात दिवस संसर्गक्षम राहतो. यावरून दुसऱ्याची सुई किंवा वस्तरा वापरणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानात येईल.

बी विषाणू आपल्या वेष्टनाचे प्रथिन गरजेपेक्षा पुष्कळ अधिक निर्माण करवितो. त्याचे २२ नॅनोमीटरचे पोकळ कण रक्तात फिरत असतात. त्यांत केंद्रकाम्ल नसल्याने त्यांपासून रोग होत नाही. ब्लुमबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात आढळलेल्या या प्रथिनाची माहिती १९६५ साली प्रसिद्ध केली. त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि याच निरुपद्रवी कणांपासून लस तयार झाली. डी विषाणूला स्वतःचे वेष्टन बनविता येत नाही. तो बी विषाणूचेच वेष्टन उसने घेतो. साहजिकच बी विरुद्धची लस डी पासूनही संरक्षण देते. १९८९ साली ओळख पटलेल्या सी विषाणूचे रूप सतत पालटत असल्याने त्यावर अद्याप लस नाही. औषधांनी मात्र बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

सारांश, प्रतिबंधाचे उपाय विषाणूच्या घडणीवरूनच ठरतात. ए व ई यांच्यासाठी सांडपाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवणे, पाणी गाळून स्वच्छ केल्यावरच त्यात क्लोरिन मिसळणे आणि साथीच्या दिवसांत पाणी उकळून पिणे आवश्यक आहे. बी, सी व डी यांच्यासाठी तपासलेले रक्त व निर्जंतुक सुई हवी, आणि बालकास जन्मतःच बी विरुद्धची लस टोचली पाहिजे.