परीक्षा झाल्यावर शाळेत जायचे कशाला? एप्रिलचे गणित समजून घ्या

वार्षिक परीक्षा आटोपली की वर्ग रिकामे होतात, हा अनेक शाळांचा नेहमीचा अनुभव. निकाल मात्र १ मेच्या सुमारास लागतो. मग मधले दिवस वाया जातात का?

नियम काय?
शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस व ८००  तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास आवश्यक आहेत. परीक्षा लवकर उरकली की शाळा कागदोपत्री सुरू राहते, शिकवणे थांबते.

२०२५ मध्ये काय बदलले?
पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिलदरम्यान घेण्याचे वेळापत्रक एससीईआरटीने दिले. हेतू हा, की मुले शेवटपर्यंत शाळेत यावीत.

अडचण कुठे?
विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलचे ऊन. शिवाय २५ एप्रिलला शेवटचा पेपर आणि १ मेला निकाल. मध्ये जेमतेम पाच दिवस, त्यातही एक रविवार. पेपर तपासणे, प्रगतिपुस्तके भरणे एवढ्यातच.

फटका कोणाला?
पाचवी-आठवीत नापास झालेल्यांना पुनर्परीक्षा असते. तीही हुकली तर पुन्हा तोच वर्ग. अशा मुलाला चुका समजावून सांगायला परीक्षेनंतरचेच दिवस उपयोगी. आधी ते गैरहजेरीत जात, आता उरतच नाहीत.

पालकांनी काय करावे?
निकालाच्या दिवशी गुणांसोबत मूल नेमके कुठे अडते, हेही वर्गशिक्षकांना विचारावे. त्यानंतर शाळा थेट जूनमध्येच उघडते.