वयाबरोबर माया आटते का?

"डॉक्टर, यांना आता कुणाचं काही वाटतच नाही हो!" घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी ही तक्रार मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. सून तापाने फणफणलेली असते आणि सासरे चहा मागतात. मग घरात अबोला सुरू होतो.

दुसऱ्याचे दुःख जाणण्याच्या शक्तीला समानुभूती म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे हा पहिला आणि ते ओळखल्यावर कळवळा येणे हा दुसरा.

अमेरिकेतील ७५ हजारांहून अधिक प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात समानुभूती तरुण व वृद्धांपेक्षा मध्यमवयीनांत अधिक आढळली. संसार, मुले, आईवडिलांची आजारपणे यांतून गेलेल्या माणसाला ते कळणारच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मात्र त्याच माणसांची सुमारे १२ वर्षे पाहणी केलेल्या, २००८ सालच्या अभ्यासात वयामुळे घट दिसली नाही. म्हणजे फरक वयापेक्षा पिढीचाही असू शकतो.

उतारवयात मंदावते ते मुख्यतः ओळखणे. चेहऱ्यावरची भीती, दुःख, राग चटकन उमगत नाही. त्यात मोतीबिंदूने चेहरा धूसर दिसतो आणि कान मंद झाल्याने आवाजातला कंप निसटतो. कळवळा मात्र बहुधा शाबूत असतो. सुनेला ताप आहे हे सासऱ्यांना कुणी सांगितलेलेच नसते!

म्हणून माझा सल्ला असा: 'त्यांना कळायला हवं' असे म्हणून रुसू नका. उजेडात, समोर बसून, "मला आज बरं नाही" असे स्पष्ट सांगा. त्यांचे कान व डोळे तपासून घ्या.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. आयुष्यभर प्रेमळ असलेला माणूस पन्नाशी-साठीत काही महिन्यांत तुटक झाला, घरच्यांच्या रडण्यानेही हलेना, चारचौघांत अचकटविचकट बोलू लागला, तर तो 'स्वभाव' समजू नका. मेंदूच्या पुढच्या भागाच्या एका विकाराची सुरुवात अशी होते आणि स्मरणशक्ती तेव्हा चांगली असू शकते. नैराश्यातही माणूस असा अलिप्त होतो, आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी भांडत न बसता त्यांना मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे.