गाडी न चालवणाऱ्याचं अटलांटा

अटलांटात राहतो, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पत्त्यात मात्र अटलांटा कुठेच नाही. आमचं घर फोर्साइथ काउंटीत, कमिंग नावाच्या गावाजवळ. मुख्य शहरापासून साधारण ४० मैल उत्तरेला. लोणावळ्यात राहून 'पुण्याचे' म्हणवून घेण्यासारखं आहे हे. इथल्या जुन्या लोकांना असली सवलत चालत नाही. शहराभोवती आय-२८५ हा ६४ मैलांचा गोल महामार्ग आहे, त्याला 'पेरिमीटर' म्हणतात. तुम्ही त्याच्या आतले की बाहेरचे, हे ओळख झाल्या झाल्या विचारून घेतात. आम्ही बाहेरचे. तेही बरेच बाहेरचे.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आम्ही पाचजण इथे आलो: आम्ही दोघं, दहावीत जाणारी मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. नवऱ्याच्या कंपनीने ऑफिस हलवलं हे एक कारण. दुसरं कारण पैशाचं. न्यू जर्सीत घराचा मालमत्ता कर सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात जातो. त्या मानाने जॉर्जियात बराच कमी कर भरून दुप्पट मोठं घर मिळतं. आमच्या ओळखीतली किती तरी मराठी घरं याच हिशेबाने दक्षिणेकडे सरकली आहेत.

सरकारी सोपस्कार कंटाळवाणे असतात, पण अवघड नसतात. जॉर्जियात राहायला आल्यावर ३० दिवसांत इथलं लायसन्स काढायचं. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाडीवर तिच्या किमतीच्या ३ टक्के कर भरायचा. अटलांटाभोवतीच्या १३ काउंट्यांत गाडीच्या धुराची तपासणी लागते, त्यात आमचीही येते. शाळेसाठी लसीकरणाचा ३२३१ नंबरचा फॉर्म आणि डोळे-कान-दात तपासल्याचा ३३०० नंबरचा फॉर्म. घर घेताना वाळवीचा करारही घ्यायचा, त्याला इथे 'टर्माइट बाँड' म्हणतात. वाळवीवाला दरवर्षी येऊन घर तपासून जातो. थंडीने वाळवीला आवर घालावा, एवढी थंडी इथे पडत नाही.

शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरते, ही गोष्ट मात्र आमच्या चिरंजीवांच्या जिव्हारी लागली. न्यू जर्सीत सप्टेंबरपर्यंत सुट्टी असते. आपली एका महिन्याची सुट्टी आईबापांनी परस्पर विकली, असं त्याचं म्हणणं. माझ्यापुढचा पेच वेगळाच होता. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. इतकी वर्षं गाडी चालवून मी पंपाच्या नळीला हात लावला नव्हता. पहिल्यांदा भरलं ते मुलीने फोनवर व्हिडिओ दाखवला तेव्हा.

हे सगळं दोन-चार महिन्यांत मार्गी लागतं. ऑफिस, शाळा, कागदपत्रं यांच्या याद्या असतात, त्यावर खुणा करत गेलं की झालं. सासूबाईंची यादी कुणीच केली नव्हती.

त्या मूळच्या कराडच्या. सकाळी मंडई आणि संध्याकाळी प्रीतिसंगमावर फेरी, असा जन्म गेलेला. एडिसनलाही त्यांनी आपलं कराड उभं केलं होतं. घरातून निघून ओक ट्री रोडवर चालत जायच्या, मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघायच्या, देवळात दोन मैत्रिणी गाठायच्या आणि जेवायच्या वेळेला घरी. इंग्रजी बेताचं, गाडी येत नाही, तरी कुणावाचून अडलं नाही.

इथे आमच्या वसाहतीत सुंदर फुटपाथ आहे. तो वसाहतीच्या कमानीपर्यंत येतो आणि तिथेच संपतो. पुढे चौपदरी रस्ता, ताशी ४५ मैलांनी जाणाऱ्या गाड्या आणि कडेला गवत. सर्वांत जवळचं दुकान दीड मैलावर. बस नाही. रिक्षा तर नाहीच. सासूबाई वसाहतीतल्या वसाहतीत चकरा मारू लागल्या, तर चार दिवसांत निरनिराळ्या गाड्या थांबून विचारून गेल्या, 'मॅम, काही मदत हवी आहे का?' रस्त्याने पायी जाणाऱ्या माणसाची गाडी बिघडली असणार, हे इथलं साधं अनुमान. लोक मनापासून विचारत होते, यात शंका नाही. पण सासूबाई घरी येऊन म्हणाल्या, "अगं, मी काय हरवलेय का?"

एवढ्या मोठ्या शहराला धड रेल्वे का नाही, हे मी त्यामुळे शोधायला लागले. रेल्वे आहे. तिचं नाव मार्टा. १९६० च्या दशकात ती आखली, तेव्हा आसपासच्या पाच काउंट्या मिळून चालवतील अशी कल्पना होती. १९६५ मध्ये कॉब काउंटीच्या मतदारांनी नको म्हटलं. १९७१ च्या मतदानात फुल्टन आणि डीकॅब यांनी होकार दिला. क्लेटन आणि ग्विनेट यांनी नकार. गाड्या १९७९ मध्ये धावू लागल्या, त्या दोनच काउंट्यांत. नकारामागे कराचा मुद्दा होता, तसाच वर्णाचाही होता. शाळा-बागा कृष्णवर्णीयांना खुल्या झाल्यावर गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत पसरली होती आणि रेल्वेबरोबर कृष्णवर्णीयही मागोमाग येतील अशी धास्ती होती. क्लेटन २०१४ मध्ये आली. ग्विनेटने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्येही नाहीच म्हटलं. आमची फोर्साइथ तर या व्यवस्थेत कधी नव्हतीच.

फोर्साइथचा स्वतःचा इतिहास याहून वाईट आहे. १९१२ मध्ये एका गोऱ्या तरुणीच्या खुनानंतर इथे एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने मारलं, दोन किशोरवयीन मुलांना फाशी दिली गेली आणि मग रात्री-अपरात्री घरांवर हल्ले करून काउंटीतल्या सुमारे अकराशे कृष्णवर्णीयांना हुसकावून लावलं. घरं, शेती, चर्च मागे राहिली. त्यानंतर जवळपास पाऊणशे वर्षं ही काउंटी केवळ गोऱ्यांची होती. जानेवारी १९८७ मध्ये होझिया विल्यम्स या नागरी हक्क चळवळीतल्या नेत्याने इथे मोर्चा काढला, तर त्यावर दगड-बाटल्या पडल्या. आठवड्याभराने सुमारे वीस हजार लोक पुन्हा चालत आले. जमावाने मारलेल्या त्या माणसाच्या स्मरणार्थ कमिंगच्या चौकाजवळ २०२१ पासून एक फलक उभा आहे.

त्याच काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत अडीच लाखांवर गेली आणि त्यात जवळजवळ पाचातला एक माणूस आशियाई निघाला. त्यात आपणच पुष्कळ. आपल्या लोकांत इथल्या शाळांच्या क्रमवारीची चर्चा तासन् तास चालते, कुठल्या शाळेच्या हद्दीत घराला किती भाव ते तोंडपाठ असतं. या जमिनीवर आधी कोण राहत होतं, हे मी एकाही पार्टीत ऐकलेलं नाही. मला हे खटकतं. ज्यांच्या मोर्च्यांमुळे १९६५ चा स्थलांतर कायदा होण्याजोगं वातावरण तयार झालं, आणि ज्या कायद्यामुळे आपण या देशात आलो, त्याच समाजाला इथून हाकललं होतं. निदान माहीत तरी असावं.

एका रविवारी आम्ही गाडी घेऊन मार्टाच्या उत्तरेकडच्या शेवटच्या स्टेशनवर, नॉर्थ स्प्रिंग्जला गेलो, तिथे गाडी ठेवली आणि रेल्वेने शहरात गेलो. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जन्मघर ऑबर्न अव्हेन्यूवर आहे, एबेनेझर चर्च जवळच आहे, आणि त्या परिसरात गांधीजींचा पुतळा आहे. किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले होते, हे मुलांना तिथे सांगितलं. सासूबाईंनी गांधीजींना नमस्कार केला. पण दिवसभरात त्यांना सर्वांत जास्त आवडली ती रेल्वे. परतताना खिडकीशी बसून म्हणाल्या, "आपल्याकडे का नाही आणत ही?" मी त्यांना मतदानाच्या तारखा सांगत बसले नाही.

जेवणाखाण्यात मात्र दक्षिण त्यांना पहिल्यापासून मानवली. इथे रस्त्याच्या कडेला टपरीवर मोठ्या पातेल्यांत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. अमेरिकेतला निम्म्याच्या आसपास भुईमूग एकट्या जॉर्जियात पिकतो. शेंगवाल्याशी सासूबाईंचं संभाषण दोन्ही बाजूंनी खुणांचंच होतं, पण मूठभर जास्त शेंगा त्यांनी पहिल्याच भेटीत मिळवल्या. भेंडीही इथे घरोघरची भाजी. आफ्रिकेतून गुलामांबरोबर ती इकडे आली आणि दक्षिणेत रुजली. मक्याच्या जाड रव्याचे 'ग्रिट्स' मात्र त्यांनी एकदा खाल्ले आणि 'फोडणी विसरलेत' असा निकाल दिला.

मार्च उजाडला तसं त्यांना वाळवण आठवलं. ऊन चांगलं, मागे लाकडी सज्जा मोठा. कुरडयांचा चीक शिजवला, प्लास्टिकवर ओळीने कुरडया घातल्या आणि दुपारपर्यंत त्या पिवळ्या झाल्या. हळद पडावी तशी नव्हे, थेट पिठासारखा थर. पाइनचे पराग! मार्चअखेर ते इतके झडतात की गाडीचा रंग ओळखू येत नाही. हवेतल्या परागांचा आकडा १५०० च्या वर गेला की अतिशय जास्त समजतात. २०२५ च्या मार्चमध्ये अटलांटात तो १४,८०१ झाला होता. गंमत म्हणजे डोळ्यांना दिसणारा हा पिवळा पराग जड असल्याने फारसा त्रास देत नाही. नाकाडोळ्यांचं पाणी काढतात ते ओक आणि बर्चचे बारीक पराग. कुरडया अर्थात टाकून द्याव्या लागल्या. भरीला वसाहतीच्या रहिवासी संघाकडून सज्ज्यावर काही वाळत घालू नये अशी चिठ्ठीही आली. पुढच्या खेपेला मे महिन्यात, गॅरेजचं दार अर्धं उघडून, पंखा लावून कुरडया झाल्या. छान झाल्या. त्याच गॅरेजात न्यू जर्सीहून हौसेने आणलेली बर्फ ओढायची फावडी कोरी पडून आहेत. इथे २०१४ मध्ये दोन-तीन इंच बर्फ पडलं तर हजारो गाड्या महामार्गावर रात्रभर अडकल्या होत्या आणि मुलं शाळेतच झोपली होती. फावड्यांचा तेव्हाही उपयोग नव्हता.

शेजारच्या बाई आम्ही आल्या आल्या पाउंड केक घेऊन आल्या आणि केक ठेवता ठेवता विचारलं, "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" उत्तरेत हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. इथे तो 'गाव कुठलं' इतका साधा आहे, राग मानू नये. आम्ही देवळाचं नाव सांगितलं, त्यांना ते आनंदाने चाललं. केकचा डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून सासूबाईंनी त्यात चिवडा भरून दिला. आता डबा दोन्हीकडून भरलेलाच फिरतो.

याच बाईंनी आम्हाला कामाची गोष्ट सांगितली. काउंटीची 'डायल-अ-राइड' सेवा आहे. आधी फोन करून ठेवला की छोटी बस दारात येते. ज्येष्ठांसाठी काउंटीची केंद्रंही आहेत. तिथे व्यायाम, पत्ते, विणकाम चालतं. एवढी वर्षं इथे राहिलेल्या आमच्या ओळखीच्या एकाही मराठी घराला हे ठाऊक नव्हतं, कारण कुणाला गरजच पडली नव्हती. ज्यांना पडली असती ते सहा महिने राहून भारतात परत गेले. सासूबाई आता आठवड्यातून दोनदा केंद्रात जातात. विणकाम त्यांना इंग्रजीवाचून येतं. बिग क्रीक ग्रीनवे या झाडीतून जाणाऱ्या पक्क्या पायवाटेवर शनिवार-रविवारी आम्ही त्यांना नेतो. तिथे पायी चालणं हेच काम असल्याने गाडी थांबवून कुणी विचारत नाही.

आणि मुलगी पंधरा वर्षांची झाली. न्यू जर्सीत शिकाऊ परवान्याला सोळा लागतात, जॉर्जियात पंधरा. शेजारी मोठं माणूस बसवून ती गाडी चालवते, मागच्या सीटवर आजी. "हळू ग, म्हशी येतील आडव्या," अशी सूचना मागून येते. इथे हरणं येतात, एवढाच फरक.

आईवडील किंवा सासूसासरे बरोबर घेऊन तुम्ही या बाजूला यायच्या विचारात असाल तर एक करा. घर बघायला जाताना शाळेचा क्रमांक आणि तळघर बघाच, पण गाडी वसाहतीच्या कमानीबाहेर लावा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर दुकानापर्यंत चालत जाऊन पाहा. फुटपाथ मध्येच संपला, तर काउंटीची बस दारापर्यंत येते का, हे घराची किंमत ठरवायच्या आधी फोन करून विचारा.