भाडेकरू गेला, मैदान राहिलं

लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं अ‍ॅनफिल्ड हे मैदान क्लबपेक्षा आठ वर्षांनी थोरलं आहे. १८८४पासून तिथे खेळत होता तो एव्हर्टन, म्हणजे लिव्हरपूलचा आजचा कट्टर प्रतिस्पर्धी. जागेचा कारभार होता जॉन होल्डिंग या बिअरच्या कारखानदाराकडे. क्लबचं नाव वाढलं तसं भाडंही वाढत वर्षाला १०० पौंडांवरून २५०वर गेलं. १८९१मध्ये एव्हर्टनने लीग जिंकली आणि पुढच्याच वर्षी भाडं व जमीनखरेदीवरून होल्डिंगशी फिसकटल्यावर स्टॅनली पार्कच्या पलीकडे, गुडिसन पार्कला बिऱ्हाड हलवलं. होल्डिंगकडे उरलं रिकामं मैदान. ते वापरात ठेवायला त्याने मार्च १८९२मध्ये नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. जागेच्या भांडणातून जन्मलेल्या या क्लबच्या मैदानाचा पुढचा इतिहासही मला त्याच भांडणाचा वाटतो. सातबारा ज्याच्या नावावर, मैदान त्याचं. की जे तिथे दर आठवड्याला जमतात, त्यांचंही?

मैदानाचं मोल जमणाऱ्यांनी घडवलं, याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे ‘कॉप’. लिव्हरपूलने दुसऱ्यांदा लीग जिंकल्यावर, १९०६मध्ये, गोलमागे भराव टाकून उभ्याने सामना पाहणाऱ्यांसाठी उंच उतरण बांधली गेली. अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक पत्रकाराने तिला दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप टेकडीचं नाव सुचवलं. जानेवारी १९००मध्ये त्या टेकडीवर बोअरांशी लढताना लँकेशायरच्या पलटणींतले कितीतरी सैनिक पडले होते. (त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात मोहनदास गांधी होते.) गोलमागच्या स्वस्त जागेला शहराने आपल्या माणसांचं स्मारक मानलं. १९२८मध्ये वर छप्पर आलं, तेव्हा या एका उतरणीवर जवळपास तीस हजार माणसं उभी राहू शकत. कोणी म्हणेल, ही कीर्ती व्यवस्थापक बिल शँक्लीच्या संघाने मिळवलेल्या विजयांची आहे. पण शँक्ली आला डिसेंबर १९५९मध्ये, आणि अ‍ॅनफिल्डवरच्या गर्दीचा विक्रम, ६१,९०५ प्रेक्षकांचा, त्याआधीच १९५२मध्ये नोंदला गेला होता. १९४७नंतर थेट १९६४पर्यंत लिव्हरपूलला लीग जिंकता आली नाही. मधल्या काळात संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. एवढा पडता काळ येऊनही मैदान ओस पडलं नाही. शँक्लीला गर्दी जमवावी लागली नाही, ती त्याला आयती मिळाली, आणि तिची ताकद त्याने ओळखली हे त्याचं मोठेपण.

याहून गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मोठ्या मैदानांत सर्वांना बसायला जागा देण्याची शिफारस केली. १९९४मध्ये जुना कॉप पाडला गेला आणि त्या जागी सुमारे बारा हजार खुर्च्या आल्या. जुन्या कॉपमधली रेटारेटी धोक्याची होती, तिचं गुणगान करण्यात अर्थ नाही. पण हिल्सबरोत माणसं मेली ती उभी होती म्हणून नव्हे. पोलिसांनी दार उघडून गर्दी आधीच भरलेल्या, जाळीबंद कप्प्यांत जाऊ दिली. २०१६मध्ये ज्युरीने हे मृत्यू बेकायदा हत्या ठरवले आणि पाठीराख्यांकडे दोष नसल्याचा निर्वाळा दिला. त्यासाठी कुटुंबांना सत्तावीस वर्षं झगडावं लागलं, याची चीड आजही येते. कॉपच्या काही भागात २०२१मध्ये प्रत्येक रांगेला कठडे असलेल्या खुर्च्या बसल्या, आणि आता तिथे परवान्याने उभंही राहता येतं. सुरक्षा हवी तर उभं राहणं सोडा, ही सक्ती मुळात गरजेची नव्हती.

मालकांची बाजू पैशाची आहे: मोठा स्टँड बांधायचा तर महाग तिकिटं विकावी लागतात. हे खोटं नाही. पण विकलं जातं ते काय? २०२०च्या जुलैमध्ये, तीस वर्षांनी मिळालेला लीगचा करंडक महामारीमुळे रिकाम्या कॉपमध्ये उंचावला गेला, तेव्हा नुसत्या खुर्च्यांची किंमत किती हे जगाने टीव्हीवर पाहिलं. पाठीराख्यांना तर ते आधीपासून ठाऊक होतं. फेब्रुवारी २०१६मध्ये ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं, तेव्हा संडरलंडविरुद्ध ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक जागेवरून उठून बाहेर पडले. लिव्हरपूल २-०ने पुढे होतं. सामना २-२ असा सुटला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली. मैदानाभोवती राहणाऱ्यांच्या हातात मात्र असं हत्यार नव्हतं. नव्वदच्या दशकापासून क्लब लोथेअर रोडवरची घरं विकत घेऊन रिकामी ठेवत गेला, खिडक्यांवर पत्रे चढले, शेजाऱ्यांच्या घरांचीही किंमत घसरली. शेवटी ती घरं पाडून झाली आणि २०१६मध्येच वाढीव मेन स्टँड खुला झाला.