जिनसेन (आदिपुराणकार)

आचार्य जिनसेन (इ.स.चे ९वे शतक) हे दिगंबर जैन परंपरेतील आचार्य, टीकाकार आणि संस्कृत कवी होते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष (पहिला) त्यांना गुरुस्थानी मानीत असे. इ.स. ७८३ मध्ये हरिवंशपुराण रचणारे पुन्नाट संघातील जिनसेन हे त्यांच्याहून वेगळे होत.

काळ
त्या काळी आजचा मराठवाडा राष्ट्रकूट सत्तेखाली होता आणि मान्यखेट ही राजधानी होती. वेरूळची जैन लेणी सामान्यतः ९व्या-१०व्या शतकांतील मानली जातात. याच सुमारास युरोपात कॅरोलिंजियन राजांच्या आश्रयाने ऑर्लेआँचे बिशप थिओडल्फ यांच्यासारखे धर्माधिकारी काव्यरचना करीत होते.

जयधवला
जिनसेनांचे गुरू वीरसेन यांनी गुणधराचार्यांच्या कसायपाहुड या ग्रंथावर टीका लिहिण्यास आरंभ केला. सुमारे २०,००० श्लोकप्रमाण लेखन झाल्यावर त्यांचे निधन झाले. उरलेले सुमारे ४०,००० श्लोकप्रमाण लेखन जिनसेनांनी करून शके ७५९ (इ.स. ८३७) मध्ये टीका पूर्ण केली.

पार्श्वाभ्युदय
या ३६४ श्लोकांच्या काव्याच्या प्रत्येक श्लोकात कालिदासाच्या मेघदूतातील एक किंवा दोन चरण घेतलेले असून उरलेले चरण जिनसेनांचे आहेत. पूर्वजन्मीचा वैरी शंबर ध्यानस्थ पार्श्वनाथांना विचलित करू पाहतो, हा त्याचा विषय. विरहशृंगाराच्या ओळी येथे वैराग्यकथेत गुंफल्या आहेत.

या रचनेमुळे संपूर्ण मेघदूत तिच्यात सामावले गेले. वल्लभदेव व मल्लिनाथ यांच्या टीकांहून हे काव्य जुने असल्याने, मेघदूतातील मूळचे श्लोक कोणते व मागाहून घुसडलेले कोणते, हे ठरविण्यास ते महत्त्वाचे साधन ठरते. काशिनाथ बापू पाठक यांनी त्याच्याच आधारे १८९४ मध्ये पुण्याहून मेघदूताची आवृत्ती प्रसिद्ध केली. या पाठात १२० श्लोक आहेत.

आदिपुराण
प्रथम तीर्थंकर ऋषभदेव व त्यांचे पुत्र भरत आणि बाहुबली यांचे चरित्र सांगणारा हा ग्रंथ ४७ पर्वांचा आहे. ४२ पर्वे आणि ४३व्या पर्वाचे तीन श्लोक रचून झाल्यावर जिनसेनांचे निधन झाले. शिष्य गुणभद्र यांनी तो पूर्ण करून पुढे उत्तरपुराण रचले. हे दोन्ही ग्रंथ मिळून महापुराण म्हणून ओळखले जातात. गुरूचा अपुरा ग्रंथ पूर्ण करणाऱ्या जिनसेनांचा स्वतःचा अपुरा ग्रंथ अशा रीतीने त्यांच्या शिष्याने पूर्णत्वास नेला.