रात्रीची शू आणि माळ्याची शिडी

परवा सकाळी गोवंडीतला माझा दवाखाना उघडतो न उघडतो तोच बैंगनवाडीतली एक तरुण आई तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीच्या कपाळाला खोक पडली होती. रात्री दोनच्या सुमाराला ती एकटीच उठली, माळ्याची लोखंडी शिडी उतरू लागली आणि तिसऱ्या पायरीवरून घसरली. नशीब बलवत्तर म्हणून दोन टाक्यांवर निभावले. उलटी, गुंगी काही नव्हते. टाके घालताना मी विचारले, “बाई, हिने तुम्हाला उठवले कसे नाही?” तेव्हा ती माउली रडू लागली. म्हणाली, “डॉक्टर, महिन्यापूर्वीच हिचे लंगोट बंद केले. दिवसा सांगते, पण रात्री दोनदा गोधडी ओली केली, म्हणून मी फटका दिला होता. त्या भीतीनं एकटीच निघाली.”

या घटनेत दोष एकट्या आईचा नाही. शिवाजीनगर-बैंगनवाडी ही १९७० च्या दशकात महापालिकेने छोटे छोटे प्लॉट आखून वसवलेली वस्ती. जागा अपुरी, म्हणून घरोघर माळे चढले. संडास बहुतेकांचे घराबाहेर, सार्वजनिक. अशा घरात लहान मुलाची रात्रीची शू हा मोठाच प्रश्न होतो. पण आपल्या गावच्या वाड्यात किंवा चाळीत तरी काय वेगळे असते? संडास परसात किंवा जिन्याच्या टोकाला, आणि वाटेत अंधार. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर बोलू.

पहिली गोष्ट अशी, की दिवसा शू सांगणे आणि रात्रभर कोरडे राहणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले शिकवता येते, दुसरे वयाने येते. तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १२० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मध्यम कप भरेल एवढेच मूत्र मावते. मोठ्या माणसाच्या मेंदूतून रात्री व्हॅसोप्रेसिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि त्यामुळे मूत्र कमी तयार होते. लहान मुलांत ही व्यवस्था हळूहळू बसते. शिवाय मूत्राशय भरल्याचा निरोप गाढ झोपेतल्या मेंदूपर्यंत पोचावा लागतो. म्हणून पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा आजार मानत नाहीत. पाच वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी पंधराएक मुले तरी रात्री ओली होतात. आई किंवा वडील लहानपणी उशिरा कोरडे झाले असतील, तर मुलालाही वेळ लागतो. तेव्हा मूल मुद्दाम करते, आळशी आहे, असे समजणे चूक आहे. मारल्याने मूत्राशय मोठे होत नाही, मूल मात्र भित्रे होते आणि मदत मागायची सोडते.

आता काय करावे ते पाहू.

मूल माळ्यावर झोपवू नये. जागाच नसेल तर त्याला भिंतीकडे, आईच्या पलीकडे झोपवावे आणि शिडीच्या तोंडाशी फळी किंवा दार करून घ्यावे. “शू लागली की मला हलव, मी रागावणार नाही,” हे त्याला रोज झोपताना सांगावे, आणि हलवल्यावर खरोखरच रागावू नये. झिरोचा दिवा चालू ठेवावा.

रात्री एवढ्या लहान मुलाला बाहेरच्या संडासापर्यंत नेण्याची गरज नाही. घरातली मोरी चालते किंवा एखादे पसरट बुडाचे भांडे त्यासाठीच ठेवावे. सकाळी ते संडासात रिकामे करून साबणाने धुवावे. शी झाली तर ती गटारात टाकू नये. लहान मुलाच्या शीतूनही मोठ्यांइतकेच रोगजंतू पसरतात. मुलाचे आणि आपले, दोघांचेही हात साबणाने धुवावेत. मोरीतली पाण्याची बादली, पिंप झाकून ठेवावे. अर्ध्या बादलीतही मूल बुडू शकते.

झोपण्याआधी शू करवावी, गोष्ट वगैरे सांगून झाल्यावर पुन्हा एकदा. चड्डी इलॅस्टिकची असावी. नाडीच्या गाठीपायी उशीर होतो. गोधडीखाली मेणकापड घालावे. मोठी माणसे झोपताना मुलाला उठवत असाल तर पूर्ण जागे करून, चालवत न्यावे. झोपेतच उचलून नेल्याने त्या रात्रीची गोधडी वाचते, मूल शिकत नाही.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. कित्येक घरांत दुपारपासूनच मुलाचे पाणी तोडतात. उन्हाळ्यात हे धोक्याचे आहे. दिवसा भरपूर पाणी द्यावे, झोपण्याआधी दीड-दोन तास कमी करावे. रात्रीचे दूध जेवणाबरोबरच उरकावे. चहा मात्र मुलांना देऊच नये, त्याने शू वाढते. मलावरोधही पाहावा. खडा झालेल्या शीचा दाब मूत्राशयावर येतो. पाव-बिस्किटे कमी करून भाजी-भाकरी, वरण, केळे द्यावे.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. शू करताना रडणे, ताप, लाल किंवा दुर्गंधी शू, दिवसभर थेंब थेंब गळणे, मुलाची धार बारीक असणे. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले होऊ लागले, त्याला तहान फार लागते आणि वजन उतरते आहे, तर लघवीची व रक्तातील साखर त्याच दिवशी तपासावी. लहान मुलांनाही मधुमेह होतो आणि उशीर जिवावर बेतू शकतो. रात्री गुदाशी खाज येत असेल तर जंत असू शकतात. आणि पडलेल्या मुलाला उलट्या झाल्या, गुंगी आली तर दवाखान्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

टाके काढायला आली तेव्हा ती मुलगी खाली, आईच्या कुशीत झोपू लागली होती. गोधडी अजून अधूनमधून ओली होते. पण आता ती आईला हलवून उठवते. मी त्या बाईंना म्हटले, “गोधडी उन्हात वाळते. एवढे एक लक्षात ठेवा.”